पाऊस लहरी नाही



वर्षावासाचे दिवस होते. मालेगावात मोसम नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या वस्तीत या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्या दिवशी आत फार उकडत होते, म्हणून वाचन विहारासमोरच्या अंगणात ठेवावे असे ठरले. एका तरुणाने मोबाईल काढला आणि पाहून सांगितले, “रात्री दहापर्यंत पाऊस नाही. आकाश निरभ्र.” सतरंज्या अंथरल्या, ध्वनिक्षेपक जोडला, दिव्यांची माळ लावली. ओट्यावर बसलेली एक आजी मात्र पश्चिमेकडे तोंड करून म्हणाली, “सतरंजी मझार ल्या रे भो, वारा फिरी गया.” सतरंजी आत घ्या, वारा फिरला आहे, असे तिचे म्हणणे. कोणी लक्ष दिले नाही. बुद्धपूजा संपते न संपते तोच टपोरे थेंब पडू लागले. मग वीज गेली, ध्वनिक्षेपक मुका झाला, माळ विझली, आणि आम्ही भिजलेल्या सतरंज्या ओढत आत पळालो.

त्या दिवसाचे वाचन आम्ही सोडले नाही. ज्या मोबाईलने आकाश निरभ्र असल्याचे सांगितले होते त्याच्याच उजेडात ते पूर्ण केले. पण वाचनापूर्वी दोन मते ऐकू आली. एक गृहस्थ म्हणाले, “पाऊसच लहरी झाला आहे.” दुसरे म्हणाले, “मोबाईल खोटारडा आहे.” आपण बौद्ध झालो आहोत, तेव्हा आपण बोलतो तो शब्द तपासून घेतला पाहिजे. ही दोन्ही वाक्ये तपासावीत, एवढ्यासाठीच हा पाठ आहे.

प्रथम ‘लहरी’ हा शब्द घ्या. लहर कोणाला येते? ज्याला मन आहे त्याला. ढगाला मन नाही. तो रुसत नाही, रागावत नाही, कोणावर मेहेरबान होत नाही. तरीही पाऊस लांबला की “वरुणराजा रुसला” असे आपल्या तोंडून सहज निघते. हे नुसते बोलणे असते तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु या बोलण्याच्या मागोमाग आचार येतो. पाऊस रुसला म्हटले की त्याची समजूत काढणे आले; मग अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी काढा, बेडकाचे लग्न लावा, महादेवाची पिंड पाण्यात कोंडा. धर्मांतरानंतर आपण घरातील देव्हारा काढला, पण आभाळातला देव्हारा पुष्कळांच्या मनात तसाच राहिला आहे.

आणि याहून वाईट गोष्ट अशी की, रुसला म्हटले म्हणजे तो कोणामुळे रुसला हे शोधणे आले. गावात कोणी पाप केले? कोणाच्या हातून विटाळ झाला? जुन्या काळी रोगराई आली किंवा पावसाने दगा दिला म्हणजे ही संशयाची नजर कोठे वळत असे, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या लोकांना सांगण्याची गरज नाही. पावसाला मन देण्याची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ऋतुनियम आणि कम्मनियम यांचा निरनिराळा विचार केला आहे. सूर्य, चंद्र, ऋतू यांचा क्रम हा ऋतुनियम. बीजातून झाड आणि झाडातून बीज हा बीजनियम. माणसाच्या कुशल-अकुशल कर्मावर जी नैतिक व्यवस्था उभी आहे, ती कम्मनियमाची. पाऊस ऋतुनियमाच्या कक्षेत येतो. तुमच्या शीलामुळे तो पडत नाही आणि तुमच्या चुकीमुळे तो थांबत नाही. ज्या मातेच्या शेतातले बियाणे जळाले, तिने मागील जन्मी काही केले असेल असे म्हणणे हा अज्ञानाचा आणि निर्दयतेचा कळस होय.

मग तो केव्हा येणार हे नक्की का सांगता येत नाही? कारण नाही म्हणून नव्हे, तर कारणे फार आहेत म्हणून. आपल्याच गावाचे उदाहरण पाहा. मालेगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. समुद्रावरून येणारे बाष्प घाटमाथ्यावरच पुष्कळसे रिकामे होते. आपल्या वाट्याला उरलेले येते. गिरणा कळवणच्या बाजूच्या डोंगरांतून येते, मोसम बागलाणातून येते, आणि मालेगावजवळ दोघींची भेट होते. म्हणून असे घडते की मालेगावात ऊन पडलेले असते, रस्त्यावर धूळ उडत असते, आणि मोसमला मात्र गढूळ पाण्याचा लोंढा येतो. ज्याला बागलाणातल्या पावसाची वार्ता नाही, त्याला हा चमत्कार वाटेल. ज्याला ती आहे, त्याला त्यात कारण आणि कार्य दिसेल. हे असल्यामुळे ते होते, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण समजून घ्यायला नदीच्या पुलावर उभे राहण्यासारखी दुसरी शाळा नाही.

आता कारणे फार असली म्हणजे काय होते, हे एका अमेरिकन शास्त्रज्ञाच्या हातून जवळजवळ अपघातानेच उघड झाले. एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ १९६१ साली संगणकावर हवेच्या गतीची गणिते मांडत होते. एक गणित पुन्हा तपासावे म्हणून त्यांनी मधलाच एक आकडा पुन्हा भरला. मूळ आकडा होता ०.५०६१२७, त्यांनी भरला ०.५०६. फरक इतका थोडा की आपला वाणी हिशेबात धरणार नाही. ते कॉफी घेऊन परत आले तेव्हा संगणकाने काढलेले हवामान आधीच्या हवामानापासून पार दूर गेले होते. १९६३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आरंभीचा केसाएवढा फरक पुढे डोंगराएवढा होतो, आणि आरंभीची प्रत्येक गोष्ट केसाएवढ्या अचूकतेने मोजणे माणसाला शक्य नाही. म्हणून पुढील दोन-तीन दिवसांचे बरेचसे सांगता येते, आठवड्याचे अंदाजाने सांगता येते, पण पंधरा-वीस दिवसांनंतरच्या अमुक दिवशी अमुक गावी पाऊस पडेल असे कोणी सांगू लागला तर तो शास्त्रज्ञ नव्हे, ज्योतिषी समजावा.

दुसरे वाक्य मोबाईलविषयीचे. ‘खोटारडा’ म्हणायलाही मन लागते. यंत्र खोटे बोलत नाही, आणि खरेही बोलत नाही. ते गणित करते. हे गणित कसे होते हे आपल्या घरातील शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना समजावून द्यावे. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ नावाचा महासंगणक काम करीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात देशात जी नवी अंदाज प्रणाली सुरू झाली, ती पृथ्वीचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करते. त्यापूर्वीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. ही प्रगती लहान नव्हे. पण वळवाचा ढग पुष्कळदा अशा एका चौकोनापेक्षाही लहान असतो. तो चौकोनाच्या या कोपऱ्यात कोसळतो आणि त्या कोपऱ्यात कपडे वाळत असतात.

शिवाय ‘चाळीस टक्के शक्यता’ याचा अर्थ आपण समजून घेत नाही. आकाशाची स्थिती आज जशी आहे तशी ज्या दहा दिवशी असते, त्यांपैकी साधारण चार दिवशी पाऊस येतो, इतकाच त्याचा अर्थ. मोबाईलवर मात्र याचे एक हसरे सूर्याचे चित्र होते, आणि आपण ते चित्र वचन समजून बसतो. हे चित्रही बहुधा हवामान खात्याने काढलेले नसते. खासगी कंपन्यांच्या गणितावरून ते आपोआप उमटते. आमच्या अंगणात त्या दिवशी जे घडले त्यात मोबाईलचा दोष थोडा आणि आमचा अधिक होता. आम्ही त्याला पंचांगाच्या जागी बसवले होते.

या चुकीची किंमत सतरंजी भिजण्यापुरती असेल तर हसून सोडून द्यावे. पण ती तेवढीच नसते. २०१७ च्या जुलै महिन्यात बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून त्यांनी पेरणी केली, पावसाने ओढ दिली आणि बियाणे-खताचा पैसा मातीत गेला. त्या तक्रारीचे पुढे काय व्हायचे ते होवो. पण ज्याच्याजवळ दुबार पेरणीला पैसा नाही, त्याचा संताप आपण समजू शकतो. अंदाज सांगणाऱ्याने “आमचे चुकू शकते, आणि इतके इतके चुकू शकते” हे तितक्याच मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे.

यावर कोणी म्हणेल, मग टाकून द्या ते यंत्र, आपल्या आजीचे ऐका! हा मार्ग आपला नव्हे. आजीने त्या दिवशी वाऱ्याची दिशा पाहिली, मातीचा वास घेतला, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढताना पाहिल्या, आणि सांगितले. ते खरे ठरले. पण तिचेही अंदाज चुकतात, हे तीच सांगते आणि हसते. शिवाय तिची नजर दिसते तेवढ्या आभाळापर्यंत. समुद्रात उठलेले वादळ तिला दिसणार नाही. ओरिसात ऑक्टोबर १९९९ मध्ये महाचक्रीवादळ आले, तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ आले, तेव्हा आगाऊ सूचना मिळाल्यामुळे लाखो लोकांना आधीच हलवता आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन पुण्याच्याच संस्थेने तयार केले आहे. रानात काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक बांधवाने ते घ्यावे. चुकणारे यंत्रही माणूस वाचवते.

बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९४५ साली कठोर टीका केली. यंत्रामुळे माणसाला पशूसारख्या कष्टातून सुटका आणि विचार करण्याइतकी फुरसत मिळते, असे त्यांचे मत होते. दोष यंत्राचा नाही, ते ज्या समाजव्यवस्थेच्या हाती आहे तिचा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्यात झाली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी मांडलेला विचार प्रत्येक मालेगावकराने लक्षात ठेवावा असा आहे. पुराला भिऊन पाणी लवकरात लवकर समुद्रात घालवण्याची कल्पना चुकीची आहे. पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसाचे हाल अधिक होतात. म्हणून पाणी ही संपत्ती मानून ते साठवावे. आणि चवदार तळ्याचे पाणी ज्यांना १९२७ साली सत्याग्रह करून प्यावे लागले, त्यांना नळाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. नळ जात विचारीत नाही.

मात्र साठवण्याची व्यवस्था म्हणजे निसर्ग ताब्यात आला असे नव्हे. गिरणा धरण पाहा. नांदगाव तालुक्यातले हे धरण १९६९ साली पूर्ण झाले. त्याची क्षमता साडेएकवीस अब्ज घनफूट. नदी इतके पाणी आणील असा हिशेब कागदावर झाला होता. परंतु अर्ध्या शतकाहून अधिक काळात ते मोजक्याच वेळा काठोकाठ भरले. २००७ नंतर पुन्हा भरायला २०१९ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतर मात्र २०२०, २०२१ आणि २०२२ असे ते लागोपाठ भरले. नदीच्या वरच्या अंगाला चणकापूर, पुनद, हरणबारी येथे पाणी अडते हे एक कारण. पाऊस हिशेबाप्रमाणे पडत नाही हे दुसरे. कृत्रिम पावसाचेही तसेच. आपल्या राज्याने २००३, २०१५ आणि २०१९ साली विमानातून ढगांवर फवारणी करून पाहिली. पण फवारणीला आधी योग्य ढग लागतो. आभाळ कोरडे असेल तर विमान काय करणार?

याच मोसम-गिरणेच्या खोऱ्यात, आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, एक जुनी पद्धत होती. कोठे कोठे ती अजून टिकून आहे. तिला फड पद्धती म्हणतात. नदीवर लहान बंधारा घालायचा, पाणी पाटाने शेतात न्यायचे, आणि त्या पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड करायचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, ऊस तर ऊस, गहू तर गहू. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. यातील खरी मेख पुढे आहे. नदीला पाणी किती आले हे पाहून किती फड भिजवायचे ते ठरे. कमी आले तर एखादा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे टंचाई एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांत वाटली जाई. पाणी किती येईल याचे भाकीत कोणी केले नाही. ‘ठाऊक नाही’ हे धरूनच व्यवस्था रचली. ती शेकडो वर्षे चालली.

मी फड पद्धतीची आरती करीत नाही. ज्याला त्या पाटाखाली जमीनच नव्हती, त्याला पाण्याची पाळी कोठून असणार? महारकी १९५८ च्या कायद्याने संपेपर्यंत आपल्या लोकांच्या हाती गावाची सेवा होती, बंधाऱ्याचा पाट नव्हता. तेव्हा ‘सर्वांत वाटली जाई’ यातले ‘सर्व’ कोण होते, हे विचारल्याशिवाय जुन्याचे कौतुक करू नये. पण त्यामागचा विचार चांगला आहे, आणि चांगला विचार कोणाच्या मालकीचा नसतो.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आजही आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारा. पाऊस पाटलाच्या शेतावरही पडला नाही आणि मजुराच्या खोपटावरही पडला नाही. पण खडी फोडायला कोण गेले? मिलो आणि सुकडी कोणी खाल्ली? आभाळाने कोणात भेद केला नव्हता. भेद कणगीत होता. म्हणून निसर्गाच्या अनिश्चिततेत आनंद माना असे उपाशी माणसाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. आधी रोजगार, आधी धान्य, आधी पाणी. पावसाचा नेम नसणे आपल्या हाती नाही, परंतु तो आला नाही तर कोणाच्या चुली विझतात हे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. तेथे आपला लढा आहे.

एवढे झाल्यावर मग आनंदाची गोष्ट बोलू, कारण तीही खरी आहे. मालेगावात यंत्रमागाचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. ज्यांनी मागावर काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की मागाकडून आपण एकाच गोष्टीची अपेक्षा करतो, कालच्यासारखेच आज. धागा तुटला, वीज गेली, तर तो बिघाड. यंत्राचे न ठरलेले वागणे हा नेहमी तोटा असतो. पावसाचे तसे नाही. मोसमला पूर आला म्हणजे अर्धे गाव पुलावर येते. कामावरून दमून आलेला मजूर, शाळेतून पळालेली मुले, कडेवर लेकरू घेतलेली आई, हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळे कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत असतात. कोणी बोलावलेले नसते, तिकीट नसते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उंचीचे पाणी आले असते तर कोणी फिरकले असते काय? न मागता, न सांगता आलेले असते म्हणून ते पाहावेसे वाटते. त्या संध्याकाळी विहारात वीज नव्हती, ओल्या मातीचा वास दारातून आत येत होता, आणि एरवी ध्वनिक्षेपकाच्या आवाजात पेंगणारी मुले वाचणाऱ्याच्या जवळ सरकून बसली होती. इतके एकाग्र वाचन त्या वर्षी दुसऱ्या कोणत्या दिवशी झाले असेल असे मला वाटत नाही.

वर्षावासाची प्रथाच मुळी पावसाला मान देणारी आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळे पीक आणि हिरवे गवत तुडवतात, लहान जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. पाऊस थांबावा म्हणून त्यांनी मंत्र सांगितला नाही. माणसाने आपले पाऊल थांबवावे असे सांगितले. आणि ज्याला आषाढी पौर्णिमेनंतर लगेच वर्षावास सुरू करता येत नाही, त्याला महिनाभर उशिरा तो सुरू करण्याची मोकळीकही विनयात आहे.

आता घरी करावयाचे काम. या वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने मुलांच्या हाती एक वही द्यावी. सरळ उभ्या बाजूंचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा एक पत्र्याचा डबा घ्यावा. तो भिंत व झाड यांपासून दूर, उघड्यावर, दोन विटांमध्ये घट्ट बसवावा. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते. आपणही त्याच वेळी डब्यात पट्टी धरून किती मिलिमीटर पाणी साचले ते पाहावे, लिहावे आणि डबा रिकामा करावा. वहीत चार रकाने पाडावेत: तारीख, आदल्या दिवशी मोबाईलने काय सांगितले, आजी किंवा आजोबांनी काय सांगितले, प्रत्यक्षात किती पडला. आश्विन पौर्णिमेला वही विहारात आणावी.

आमच्या वस्तीतील सहावीच्या एका मुलीने ही वही सुरू केली आहे. पहिल्या पंधरा दिवसांत मोबाईल नऊ वेळा बरोबर आला, आजी आठ वेळा. तीन दिवस दोघेही चुकले. त्यांपैकी एका दिवसासमोर तिने शेवटच्या रकान्यात ‘२६ मि.मी.’ लिहिले आहे, आणि जागा नव्हती तरी कडेला बारीक अक्षरात ‘डब्यात बेडूक’.